स्टँड-अपवाल्यांच्या हाती माहितीपट: विषयाचा फायदा की नुसती चॅनेलची सोय?

नेमका
स्टँड-अपवाल्याला, म्हणजे स्टेजवर एकट्याने विनोद करणाऱ्याला, माहितीपटाचा निवेदक करायचं ही वाट ब्रिटिश टीव्हीवर आता चांगलीच रुळली आहे. स्टेजवर नाव झालं की चॅनेल नकाशा हातात देऊन प्रवासाला धाडतं. 1994 मध्ये विनोदवीर बिली कॉनलीचा स्कॉटलंड दौरा आला, 2015 मध्ये तसाच रोमेश रंगनाथनची श्रीलंकेची मालिका. मधली यादी मोठी आहे. माझ्या मते यात विषय मार खातो. हिशोब करा. बीबीसीच्या तासाला 58-59 मिनिटं मिळतात, जाहिराती असतील तिथे 46-47. इंग्रजी निवेदन ढोबळमानाने सेकंदाला तीन शब्द धरून लिहितात. निवेदक उंटावरून घसरला, त्यात 40 सेकंद गेले, म्हणजे 120 शब्दांची माहिती गेली. एका भागात असे दहा प्रसंग घातले की पावणेसात मिनिटं साफ!

बूमधारी
ते 120 शब्द ऐकायला प्रेक्षक थांबला असता का, हेही हिशोबात धरा की. आणि कॉनलीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. 1994 ची मालिका आणि 1996 ची ऑस्ट्रेलियाची, दोन्हींत त्याच्या रंगमंचीय कार्यक्रमांचे तुकडे मध्येमध्ये जोडलेत. हशा त्या तुकड्यांत वसूल होतो, त्यामुळे बाहेरच्या दृश्यात तो निवांत बोलू शकतो. ग्लासगोच्या जहाजबांधणीत वेल्डर होता तो. कामगार माणसाशी कसं बोलायचं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

कात्री
दोघंही एडिटिंगच्या टेबलापर्यंत आलेला नाहीत, म्हणून थोडं आतलं.

स्टेजवर पंच, म्हणजे विनोदाचं शेवटचं वाक्य, टाकून माणूस हशासाठी थांबतो. लोकेशनवर हसायला कुणी नसतं. तीच थांबण्याची सवय पडद्यावर भोक पडल्यासारखी दिसते. दुसरं दुखणं उत्स्फूर्ततेचं. पहिल्या टेकला एक वाक्य, दुसऱ्याला भलतंच. वाइड (लांबून घेतलेलं दृश्य) आणि क्लोज (जवळून घेतलेलं) जुळतच नाहीत, मग कापायचं कुठे? त्यामुळे अशा निवेदकावर एकाच वेळी दोन कॅमेरे लावावेत. एकच असेल तर आधी त्याला मोकळं सोडायचं, त्यातली दोन-तीन वाक्यं पक्की करायची आणि तेवढीच क्लोजमध्ये पुन्हा घ्यायची. सगळं पुन्हा म्हणायला लावलंत की विनोद शिळा झालाच समजा.

सर्वांत महाग चूक आकड्याची. बोलण्याच्या भरात वर्ष चुकलं आणि ओठ स्पष्ट दिसताहेत, तर नुसतं आवाजाने दुरुस्त होत नाही. वर झाकायला चित्र लागतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी पाच-सहा कटअवे, म्हणजे निवेदक न दिसणारी आजूबाजूची दृश्यं, प्रत्येकी किमान दहा सेकंद, आणि तिथल्या वातावरणाचा नुसता आवाज अर्धा मिनिट. दोन महिन्यांनी पुन्हा शूट करू म्हणाल, तर हा गडी टूरवर असतो आणि दाढीही उतरवलेली असते!

मुलाखतीतही तेच. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हा शेरा मारतो, दोन आवाज एकमेकांवर चढतात, उत्तर वापरता येत नाही. उत्तरानंतर मनात दोन आकडे मोजून मग बोल, एवढीच सूचना पुरते. पण बहुतेकांना ती पाळवत नाही, कारण शांतता भरून काढणं हाच त्यांचा धंदा.

नेमका
म्हणजे माझंच म्हणणं झालं की! मायकेल पेलिन जमून गेला, कारण तो स्टँड-अपवाला नव्हेच. प्रहसनात इतरांबरोबर काम करून आलेला नट. 1989 च्या त्याच्या जगप्रवासाच्या मालिकेत दुबईहून मुंबईला येणाऱ्या गलबतावर तो एका म्हाताऱ्या खलाशाच्या कानाला वॉकमन लावतो आणि गप्प बसून त्याचा चेहरा बघतो. स्टँड-अपवाल्याने तिथे हमखास काहीतरी बोलून टाकलं असतं.

बूमधारी
सगळ्यांना एका मापाने मोजू नका, राव. स्टँड-अपवाल्या बिल बेलीने 2013 मध्ये, निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसच्या मृत्यूला शंभर वर्षं होत असताना, त्याच्यावर दोन भाग केले. विनोद आहेच, पण विषय हलत नाही, कारण वॉलेसचं वेड त्याचं स्वतःचं आहे. डारा ओब्रिएन हाही स्टँड-अपवालाच, पण गणित आणि सैद्धांतिक भौतिकी शिकलेला. 2011 पासून भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्सबरोबर आकाशदर्शनाचा कार्यक्रम करताना नेमका कुठला प्रश्न विचारायचा हे त्याला कळत होतं. निवड चुकते ती चॅनेलची. तिकिटं किती खपतात ते बघतात, आवड कशाची आहे ते कोण विचारतो?

कात्री
आवड असली तरी एक जागा घसरडी राहतेच. कॅमेऱ्यापुढच्या माणसावर तिथल्या तिथे विनोद केला तर तो उलट टोला देऊ शकतो, आणि तो टोला बहुधा जास्त चांगला निघतो. तोच विनोद तीन महिन्यांनी लंडनच्या बूथमध्ये, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायच्या खोलीत, निवेदनात घातला, तर त्या बिचाऱ्याला कळणारही नाही. त्याने संमतीपत्रावर सही केली ती वेगळ्याच गप्पांच्या भरवशावर. ऑफकॉमच्या (ब्रिटनमधल्या प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमावलीत सातवा विभाग न्याय्य वागणुकीचाच आहे. बूथमध्ये विनोद स्वतःवर करा, चॅनेलवर करा, रस्त्यावर करा. माणसावरचा असेल तर मी तो कापतो.

नेमका
हे मात्र मान्य. उंटासारख्या प्रसंगांत गेलेली पावणेसात मिनिटं अजूनही मान्य नाहीत.