विटलेला काळा रंग : पॉलिशने परत येईल की बॉनेट पुन्हा रंगवावे लागेल?

जाणकारांचा सल्ला हवा आहे. गाडी १९८८ सालची पोर्शे ९४४ आहे आणि तिचा रंग साधा काळा आहे, मेटॅलिक नव्हे. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा यांबद्दल काहीच तक्रार नाही. प्रश्न फक्त रंगाचा आहे, आणि तो सगळ्या गाडीवर एकसारखा बिघडलेला नाही, हीच खरी अडचण आहे.

दारे, मागची बाजू आणि टप यांवरचा काळा रंग विटून राखाडी झाला आहे. बोट फिरवले की खडूसारखी भुकटी लागते. पाणी मारले की तोच भाग काळाभोर दिसतो आणि वाळला की पुन्हा पांढरट पडतो. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन दाराचा खालचा कोपरा हलक्या हाताने घासला तेव्हा फडके काळे झाले, म्हणून तिथे क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नसलेला सिंगल स्टेज रंग (रंग आणि चमक एकाच थरात) आहे असे मी धरून चालतो. बॉनेटवर मात्र फडके स्वच्छच राहते. तिथे क्लिअर कोट आहे, आणि काचेच्या बाजूला तो दोन ठिकाणी पापुद्रे धरून सुटू लागला आहे. सुटलेल्या भागाची कड नखाला लागते.

जाडी मोजणाऱ्या मीटरवर दारांचा आकडा ११० मायक्रॉनच्या आसपास येतो, टपाचा ८५ ते ९५ आणि बॉनेटचा २५० च्या पुढे, म्हणजे बॉनेट पूर्वी कधीतरी पुन्हा रंगवले गेले हे उघड आहे. मीटर प्रायमरसकट (रंगाखालच्या अस्तरासकट) सगळे थर एकत्र मोजतो, त्यामुळे टपावर प्रत्यक्ष घासता येण्याजोगा रंग किती उरला आहे, ते या आकड्यांवरून कळत नाही.

माझा बेत असा आहे : गाडी धुऊन क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ माती) फिरवायचा, मग मेग्वायर्सच्या नंबर ७ सारखे तेलकट ग्लेझ (चमक आणणारे मलम) सढळ हाताने लावून रात्रभर मुरू द्यायचे, आणि त्यानंतर ड्युअल ॲक्शन मशीनवर (पॅड गोल फिरवता फिरवता डोलवणारे, सौम्य मशीन) मऊ फोम पॅड व बारीक पॉलिश वापरायचे. कडा आणि उठावाच्या रेषा टेपने झाकणार आहे, कारण तिथेच रंग सर्वांत पातळ असतो. थेट रोटरी मशीन (पॅड नुसते गोल फिरवणारे, जास्त घासणारे) आणि लोकरीच्या पॅडने कंपाउंड (जाडसर, जास्त घासणारे पॉलिश) मारा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मेलेला थर वरवरचा असेल तर तो सौम्य पॉलिशनेही निघतो, आणि एकदा गेलेला रंग काही परत येत नाही.

शंका ग्लेझनंतरच्या टप्प्याबद्दल आहे. तेलामुळे बारीक ओरखडे बुजतात, म्हणून पॉलिशचा खरा परिणाम पाहण्यासाठी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतात, हे माहीत आहे. पण सुकलेल्या सिंगल स्टेज रंगात मुद्दाम मुरवलेले तेल त्याने पुन्हा निघून जाणार नाही का? की एखाद्या छोट्या चौकोनापुरतेच पुसून पाहावे आणि बाकीच्या भागावर सरळ वॅक्स चढवावे?

सुटलेला क्लिअर कोट पॉलिशने जागेवर येत नाही, हे मला मान्य आहे. बॉनेट रंगवावेच लागेल. पण वर उघडणाऱ्या हेडलाइटांची झाकणे बॉनेटला अगदी लागून आहेत, आणि फडक्याच्या चाचणीत ती मूळ रंगाची निघाली. शेजारी नवा क्लिअर कोट आला तर त्याची ओली चकाकी आणि झाकणांवरची मऊ चमक यांतला फरक उन्हात लगेच दिसेल, अशी भीती वाटते. अशा वेळी बॉनेट सिंगल स्टेज रंगातच करून घ्यावे का? आणि आधी बाकीची गाडी पॉलिश करून, तिचा खरा काळा रंग पुढे आल्यावरच पेंटरला छटा जुळवायला सांगावी, हा क्रम योग्य आहे का? एकाच गाडीवर हे दोन्ही प्रकारचे रंग ज्यांनी हाताळले आहेत, त्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.