अनुभव धागा: तुमच्या घरात कोणता बाम?

रामराम मंडळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तरी कपाळाला झणझणीत बाम चोपडणारी माणसं घरोघरी, म्हणून हा धागा. अमृतांजन मूळचं मद्रासचं असं मला वाटायचं, पण काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू माणसाने ते १८९३ साली मुंबईत काढलं, गाण्याच्या मैफलींत फुकट बाटल्या वाटून खप वाढवला, नंतर त्याच पैशातून 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू वर्तमानपत्र चालवलं. कारभार मद्रासला गेला तो पुढे. खंडाळ्याच्या घाटातल्या त्या जुन्या पुलालाही जाहिरातीच्या बोर्डामुळेच ते नाव पडलं, पूल १८३० चा होता, २०२० मध्ये पाडला. आता तुम्ही लिहा.

रावेरकर
आमच्याकडे केळीची कटाई म्हणजे दिवसभर घड खांद्यावर, रात्री मजूर लोक आधी बाम मागतात मग जेवण. आजी पिवळ्या बाटलीवालीच, झंडूला हात लावत नाही, तो म्हणे 'पोरांचा बाम'. झंडूची कंपनी १९१० ची आहे हे तिला कोण सांगणार!

धुळ्याची सून
सासूबाईंची हाक ठरलेली, "डोकं दुखी ऱ्हायनं वं, बाम लाई दे". लावून दिला की पाच मिनिटांत गप्पा सुरू. मला विचाराल तर अर्धा गुण चोळण्याचा. आणि उशीच्या अभ्र्यांवरचे पिवळे डाग कशाने जातात ते कोणीतरी सांगा बाई.

भुसावळ जंक्शन
वडील रेल्वेत, नाईट ड्युटीच्या डब्यात भाकरीशेजारी बाम असायचाच, त्यामुळे ठेच्यालाही कापराचा वास, आम्ही तसाच खायचो.

मेडिकलवाला, चोपडा
मेन्थॉलने थंडी ओळखणाऱ्या नसा चाळवतात, म्हणून गार वाटतं, कातडी खरी गार होत नाही. बऱ्याच बामांत विंटरग्रीनचं तेल म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते अ‍ॅस्पिरिनच्याच घराण्यातलं, तेव्हा वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू असलेल्या आजोबांना रोज फासू नका, आधी डॉक्टरांना विचारा. दोन वर्षांखालच्या लेकराच्या नाकाला कापूरवाला बाम तर अजिबात नाही, आमच्याकडे हे सर्रास करतात. रावेरकर भाऊ, मजुरांना सांगा खांदा सोलला असेल तर त्यावर लावू नका, भयंकर आग होते.