मदत हवी आहे: सर्ट्रालिन सुरू करायची आहे, एफएए मेडिकलचं काय?

उजवी_सीट: अमेरिकेत एका रिजनल एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे. एफएएचं (अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था) फर्स्ट क्लास मेडिकल, म्हणजे उडण्यासाठीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, पुढच्या महिन्यात संपतंय. डॉक्टरांनी मध्यम स्वरूपाचं नैराश्य सांगून सर्ट्रालिन (नैराश्यावरची गोळी) 50 मिलिग्रॅम लिहून दिली आहे. गोळी अजून सुरू केलेली नाही. मेडिकल कायमचं जातं का? फॉर्मवर काय लिहायचं? काउन्सेलिंगही दाखवावं लागतं का?

कागदपत्रे: कायमचं जात नाही. 2010 पासून एफएए फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटॅलोप्रॅम आणि एस्सिटॅलोप्रॅमवर ‘स्पेशल इश्युअन्स’ (अटींसह खास मंजुरीचं मेडिकल) देते. 2023 मध्ये ब्युप्रोपिऑनची भर पडली. म्हणजे तुमचं औषध यादीत बसतं. घोळ होतो तो क्रम चुकल्यामुळे.

आधी उड्डाण थांबवा. मेडिकलची मुदत उरली आहे म्हणून उडता येत नाही, नियम 61.53 (तब्येत ठीक नसताना उडायला बंदी) लक्षणांनाही लागू आहे, फक्त गोळीला नाही. सिक लीव्ह टाका आणि युनियनच्या एरोमेडिकल ऑफिसला त्याच आठवड्यात फोन करा, कारण डिसॅबिलिटी विम्याच्या दाव्याला मुदत असते.

मग हिम्स एएमईकडे (अशी प्रकरणं हाताळण्याचं खास प्रशिक्षण घेतलेला, एफएएने नेमलेला तपासणी डॉक्टर) जा, पण ‘फक्त सल्ल्यासाठी’, हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगून. मेडएक्सप्रेसचा (मेडिकलचा ऑनलाइन अर्ज) कन्फर्मेशन नंबर देऊ नका. त्यांनी तो सिस्टिममध्ये उघडला की तपासणी सुरू झाली, मग माघार नाही. पुढच्या महिन्यातलं मेडिकल खुशाल संपू द्या. संपलेलं मेडिकल आणि नाकारलेलं मेडिकल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईत नेमकं हेच विसरलं जातं.

फॉर्म भराल तेव्हा: औषध रकाना 17ए मध्ये, निदान 18एम मध्ये, गेल्या 3 वर्षांतल्या डॉक्टरांच्या भेटी 19 मध्ये. निव्वळ वैवाहिक काउन्सेलिंग लिहावं लागत नाही, नैराश्यासाठीचं लागतं. लपवणं हा फेडरल गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय सरकारी नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. माजी सैनिक वैमानिकांच्या अपंगत्व भत्त्याच्या नोंदींवरून हजारोंची चौकशी झाली आहे.

रात्रपाळी: वरच्यात भर. एका वेळी एकच अँटीडिप्रेसंट. झोपेसाठी जोडीला अल्प्राझोलॅम (गुंगी आणणारं औषध) आलं की गाडी अडली. डोस 50 वरून 75 केला तर स्थिरतेचा काळ (अर्जाआधी एकाच डोसवर तब्येत स्थिर राहण्याचा काळ) पुन्हा शून्यापासून. हा काळ 2010 मध्ये 12 महिने होता, नंतर 6 झाला. अर्ज कराल त्या दिवशीची एएमई गाइड (एफएएची तपासणी डॉक्टरांसाठीची नियमपुस्तिका) उघडून बघा. डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की नोंदी एफएए वाचणार आहे. म्हणजे खोटं लिहा असं नव्हे. विम्याच्या बिलासाठी घाईत टाकलेला चुकीचा कोड नंतर निस्तरणं महाकठीण. मनोविकारतज्ज्ञाचा अहवाल आणि कॉगस्क्रीन-एई (लक्ष, स्मरण आणि विचारशक्ती तपासणारी संगणकावरची) चाचणीही लागते. तिचा खर्च आरोग्य विमा बहुधा देत नाही.

आत्महत्येचे विचार येत असतील तर आधी 988 (अमेरिकेतली आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइन), बाकी कागद नंतर.

उजवी_सीट: दोन-तीन महिन्यांत बरं वाटलं आणि गोळी बंद केली तर लवकर सुटका होईल?

रात्रपाळी: स्वतःहून बंद करू नका. चक्कर, चिडचिड, झोप उडणं होतं, आणि नैराश्य उलटलं तर फाइलमध्ये ‘रिकरंट’ (पुन्हा पुन्हा येणारं) पडतं. गोळी कधी आणि कशी उतरवायची हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. बंद केल्यावरही काही काळ थांबावं लागतंच.

कागदपत्रे: आणि झोप येत नाही म्हणून दुकानातली डायफेनहायड्रॅमिनची (गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध) गोळी घेऊ नका. परत उडायला लागाल तेव्हाही तिच्यानंतर 60 तास थांबावं लागतं.