मदत हवी आहे : ओल आलेल्या भिंतीचा खर्च अनामत रकमेतून कापावा का?

सप्रेम नमस्कार. पुण्यातील आमचा वन बीएचके फ्लॅट आम्ही प्रथमच भाड्याने दिला असून लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत या महिनाअखेरीस संपत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची असते. ती नोंदणी आणि पोलीस पडताळणी रीतसर झालेली आहे. प्रश्न आहे तो अनामत रकमेचा.

बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल आली आहे, रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि तिला टेकून असलेल्या कपाटाचे प्लायवूड मागून फुगले आहे. गळती भिंतीतल्या पाइपची असल्याचे प्लंबरचे म्हणणे आहे. त्यामुळे पाइप आणि रंगाचा खर्च आमचाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भाडेकरू कुटुंब सज्जन आहे, भाडे कधी थकलेले नाही. मात्र ओल दिसू लागल्यावर त्यांनी पुष्कळ दिवस कळवले नाही, आणि वेळीच कळले असते तर कपाट नक्कीच वाचले असते. करारात ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’ एवढेच शब्द आहेत.

अशा वेळी कपाटाच्या दुरुस्तीचा काही भाग अनामत रकमेतून कापणे न्याय्य ठरेल का? तसेच, पुढील करारात बिघाड ठरावीक मुदतीत कळवण्याची अट आणि ताबा देतानाची छायाचित्रांसह वस्तूंची यादी परिशिष्ट म्हणून कोणी जोडली असल्यास त्यातील शब्दरचना कृपया कळवावी.