बशांवरची जुनी नक्षी भिंतीवर आणायची तर चित्र प्लेट्समध्ये तोडायचं कसं?

निळीरेघ: चिनीमातीच्या गोल प्लेट्स मिळून एकच मोठं वॉल पीस करायचंय. नक्षी विलो पॅटर्नची, तीच निळी-पांढरी, पूल, झुकलेलं झाड नि वर दोन पक्षी. कागदावर गोल मांडून बघितले तर मधल्या फटीत पुलाचा कठडाच गायब होतोय. नक्षी आत ओढून घेऊ की कापली जाऊ देऊ? आणि हाताने रंगवू की डिकॅल (छापलेलं चित्र उतरवायचा तयार कागद) लावू?

चाकावरून: कापली जाऊ दे गं! अमेरिकन कलाकार मॉली हॅचचं प्लेट्सचं वॉल पीस 'फिजिक गार्डन' बघ, अटलांटाच्या हाय म्युझियमसाठी २०१४ मध्ये केलेलं, हाताने रंगवलेल्या ४५६ प्लेट्स आहेत आणि नक्षी घेतलीय म्युझियमच्याच संग्रहातल्या १८व्या शतकातल्या लंडनच्या चेल्सी पोर्सिलीन कारखान्याच्या बशांवरून. लांबून पानंफुलं सलग दिसतात, जवळ गेलं की एखाद्या प्लेटवर नुसता देठाचा तुकडा उरतो, मला तर तेच फार आवडतं. फटीतलं चित्र डोळा पुरं करतो, पण त्यासाठी तेवढा भाग खरंच सोडून द्यायला हवा, रेघ कडेला वळवून आत घेतलीस की सलगपणा गेलाच. फक्त पक्ष्यांची डोकी फटीत जाणार नाहीत असे गोल सरकवून घे.

कोबाल्टप्रेमी: वरच्याशी सहमत, पण विलोला ब्रश नको असं माझं ठाम मत. ती मुळात छापायची नक्षी आहे, १८व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून, त्यात कोबाल्टचा रंग भरून, पातळ कागदावर छाप घ्यायचे आणि तो कागद एकदा भाजलेल्या, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) न दिलेल्या भांड्यावर घासून उतरवायचे, ग्लेझ त्यानंतर. जुनी बशी जवळून बघ, सगळी छटा बारीक रेघा नि ठिपक्यांची असते, काठाच्या पट्टीत कागदाचा सांधाही सापडतो कधीकधी. ब्रिटिश सिरॅमिक कलाकार पॉल स्कॉट छापाच्याच तंत्रात काम करतो, त्याच्या निळ्या-पांढऱ्या देखाव्यांत अणुऊर्जा केंद्र, पवनचक्क्या येतात आणि रेघ त्याच जातीची असल्यामुळे त्या आधीपासून तिथेच असल्यासारख्या वाटतात.

निळीरेघ: मग डिकॅलच. ग्लेझवर लावलं तर चालेल?

कोबाल्टप्रेमी: चालेल, साधारण ८०० अंशाला बसतं, पण रंग वरच राहतो. ती खोल निळाई ग्लेझच्या खालून येते, म्हणून अंडरग्लेझ ट्रान्सफर (ग्लेझ द्यायच्या आधी उतरवायचा छाप) मिळाला तर तोच घे.

चाकावरून: आणि प्लेट्स स्वतः करणार असशील तर कच्च्या असतानाच बुडाच्या कड्याला दोन भोकं पाड, तार ओवता येते. स्प्रिंगच्या हँगरचे आकडे पुढून काठावर दिसतात.