सीरमऐवजी शेवाळाचा अर्क: कुणी वापरून पाहिलाय का? सल्ला हवा

अर्धवट_कॉन्फ्लुअंट:
नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. काम सी२सी१२ वर, म्हणजे उंदराच्या स्नायूपेशींवर. आजवर डीएमईएम (पेशी वाढवायचं तयार पोषक माध्यम) आणि १० टक्के एफबीएस (गर्भातल्या वासराचं सीरम), दुसरा विचारच केला नव्हता. पण मधेच सीरमची बॅच बदलली आणि त्याच पेशी, त्याच हातांनी, निम्म्या वेगाने वाढायला लागल्या. तीन महिन्यांचा डेटा एकमेकांशी जुळेना. गाईड म्हणाले, सीरमच सोडता येतं का बघ.

दुसरं कारण माझं स्वतःचं. एफबीएस म्हणजे गाभण गाय कत्तलीला गेल्यावर तिच्या पोटातल्या वासराच्या हृदयात सुई घालून काढलेल्या रक्ताचा द्रव. हे कळल्यापासून बाटली हातात घेताना कसंतरीच होतं.

स्पिरुलिनाची पावडर बफरमध्ये भिजवली, तीनदा गोठवून वितळवली, सेंट्रिफ्यूज केली, ०.२२ मायक्रॉनमधून गाळली (चार फिल्टर तुंबले). सुंदर निळं पाणी मिळालं. ते डीएमईएममध्ये १० टक्के घातलं, सीरम शून्य. दुसऱ्या दिवशी एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात तो रंग; जितका गडद तितक्या पेशी जास्त) केलं तर रीडिंग सीरमपेक्षाही जास्त! आनंदाने मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर निम्म्या पेशी सुटून तरंगतायत. आता कुणावर विश्वास ठेवू?

जुना_पिपेट:
डोळ्यांवर.
तुमच्या निळ्या पाण्यातलं फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य ६२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि त्याची शेपटी ५७० पर्यंत येते. एमटीटी वाचता तिथेच. शिवाय अर्कातले अँटिऑक्सिडंट पेशींची वाट न बघता एमटीटीला परस्पर जांभळं करतात. उद्या एकच करा: पेशी न घालता नुसता अर्क आणि मीडिया, त्यावर एमटीटी. मग इथे येऊन सांगा.
तोवर ट्रिपान ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) आणि हिमोसायटोमीटर (पेशी मोजायची आखीव काच). कंटाळवाणं आहे, पण अर्काचा रंग त्याला फसवत नाही.

रविवारची_पॅसेज:
पेशी सुटण्याबद्दल लिहिते. सीरम पेशींना फक्त खाऊ घालत नाही, त्यातली फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही प्रोटीनं त्यांना प्लास्टिकवर धरून ठेवतात. शेवाळात ही दोन्ही नाहीत. प्लेट आधी फायब्रोनेक्टिनने किंवा लॅमिनिनने कोट करून घ्या, तरंगणं बरंच कमी होईल.

आणि ट्रिप्सिन, म्हणजे चिकटलेल्या पेशी सोडवायला घालतो ते एन्झाइम! सीरम घातलं की ट्रिप्सिन आपोआप थांबतं, ही सवय आपल्या हातात इतकी मुरलेली असते की सीरम काढल्यावर ते थांबवायला काहीच उरलेलं नाही हे लक्षातच येत नाही. सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर वापरा किंवा पेशी स्पिन करून धुऊन घ्या. माझा अख्खा आठवडा यात गेला होता. दोष अर्काला देत होते, पेशी खात होतं ट्रिप्सिन.

खडूस_रिव्ह्यूअर:
थोडं कडू बोलतो. प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलाय. सीरममध्ये दोन प्रकारचा माल असतो: खाणं आणि निरोप. अमिनो आम्लं, ग्लुकोज, जीवनसत्त्वं, खनिजं हे खाणं. शेवाळ ते भरभरून देतं. पण पेशीला ‘विभाजन कर’ असं सांगणारे निरोप, म्हणजे इन्सुलिन आणि आयजीएफ, एफजीएफसारखे ग्रोथ फॅक्टर (वाढ करवणारी प्रोटीनं), शेवाळात नसतात. लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन नाही, अल्ब्युमिनही नाही. आणि जे खाणं शेवाळ देतं ते तुमच्या डीएमईएममध्ये आधीच आहे! मग अर्काने बदललं काय?

हे काही नवं ज्ञान नाही. रिचर्ड हॅम यांनी १९६५ साली एफ-१२ माध्यमात सीएचओ (चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या) पेशी सीरमशिवाय वाढवून दाखवल्या. १९७० च्या दशकात गॉर्डन सातो यांनी दाखवलं की सीरमच्या जागी योग्य हॉर्मोन आणि ट्रान्सफेरिन दिलं तरी बऱ्याच पेशी वाढतात.

टोकियो विमेन्स मेडिकल युनिव्हर्सिटीतलं क्लोरेला या हिरव्या शेवाळाचं काम वाचा. २०२३ च्या त्यांच्या पेपरमध्ये गायीच्या स्नायूपेशींसाठी खाणं शेवाळातून घेतलंय, पण निरोपांसाठी उंदराच्या यकृतपेशी वेगळ्या वाढवून त्यांनी सोडलेले ग्रोथ फॅक्टर वापरलेत. म्हणजे शेवाळाने तिथे मुख्यतः नेहमीच्या माध्यमातल्या ग्लुकोज आणि अमिनो आम्लांची जागा घेतली, सीरमचं काम दुसऱ्याने केलं. मथळ्यावरून हे कळत नाही.

अर्धवट_कॉन्फ्लुअंट:
बापरे. मग अर्क फेकूनच देऊ का?

खडूस_रिव्ह्यूअर:
फेकू नका, त्याला जमेल तेवढंच काम द्या. इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियम, एफजीएफ२ आणि रिकॉम्बिनंट (जनुकतंत्राने बनवलेलं) अल्ब्युमिन असा पाया घ्या. २०२२ मध्ये गायीच्या स्नायूपेशींसाठी आलेलं बीफी-९ हे सीरमशिवायचं माध्यम साधारण याच वळणाचं आहे. त्या पायावर अर्क ०.५, १, २ टक्के असा चढवत न्या. अर्काशिवायचा तोच पाया शेजारी हवाच, नाहीतर श्रेय कुणाचं ते कळणार नाही. एफजीएफ२ ३७ अंशाला लवकर मरतं, एकदा घालून चार दिवस विसरू नका.

गणितवाली:
मी क्लोरेला केलंय, स्पिरुलिना नाही. क्लोरेलाची पेशीभित्तिका चिवट. गोठवून-वितळवून ती दाद देत नाही, म्हणून मी १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली आणि सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ वर आणला. पीएच बरोबर, अर्क स्वच्छ, पेशी एका रात्रीत सुरकुतून गेल्या.
कारण साधं. आम्ल अधिक अल्कली म्हणजे मीठ. माझ्या अर्कात जवळपास १ मोलर मीठ होतं, म्हणजे २००० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप; ते जास्त झालं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं). ते १० टक्के घातल्यावर माध्यम २९० वरून ४६० च्या घरात. सस्तन प्राण्यांच्या पेशींना साधारण २६० ते ३२० चालतं. अमिनो आम्लं मोजत बसले होते आणि लोणचं घालून ठेवलं होतं! ऑस्मोमीटरवर एक थेंब ठेवला असता तर वाचले असते.
आम्लात उकळताना ट्रिप्टोफॅन नष्ट होतं आणि ग्लुटामाइनचं ग्लुटामेट होतं, तेही ध्यानात ठेवा. दोन्ही वरून घालावी लागतात.

निळाशार:
स्पिरुलिना हे काटेकोर बोलायचं तर शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया आहे. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंसारखं बाहेरचं आवरण, त्यात एलपीएस. म्हणजे एंडोटॉक्सिन, सूज आणणारं जीवाणूंचं विष. सी२सी१२ वर ते ओळखणारा टीएलआर४ असतो, एलपीएस मिळालं की पेशी आयएल-६ हा सूजेचा निरोप सोडतात. वाढल्यासारख्या दिसल्या तरी त्या सूजेच्या तालावर नाचत असतील. ०.२२ च्या फिल्टरने जीवाणू अडतात, एंडोटॉक्सिन नाही.
तपासायला एलएएल टेस्ट असते, पण शेवाळातली बीटा-ग्लुकन तिला खोटं पॉझिटिव्ह करतात. रिकॉम्बिनंट फॅक्टर सीची टेस्ट (ती रक्ताशिवाय होते) वापरलेली बरी. नाहीतरी एलएएल टेस्ट हॉर्सशू क्रॅबच्या रक्तापासून बनते. वासराचं रक्त सोडायचं आणि खेकड्याचं धरायचं, याला काय अर्थ?

फक्त_वाचक:
वाचनखूण साठवली. ‘लोणचं’ लक्षात राहील. :)

रविवारची_पॅसेज:
सीरम एकदम तोडू नका. बाळाचं अंगावरचं दूध तोडतात तसं हळूहळू: १०, ५, २.५, १, शून्य. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन पॅसेज (पेशी सोडवून नव्या प्लेटमध्ये पेरण्याच्या फेऱ्या), आणि पेशी नेहमीपेक्षा दाट पेरा. पहिल्या पॅसेजच्या निकालावर उड्या मारू नका, तेव्हा पेशी जुन्या सीरमच्या शिदोरीवर जगत असतात. सीरमशिवाय अँटिबायोटिकही कमी लागतं, कारण ते बांधून ठेवणारं प्रोटीन आता नसतं.
आणि तुमच्या सी२सी१२ ची खोड: सीरम कमी झालं की त्या वाढायचं सोडून एकमेकींना चिकटून नळ्या करायला लागतात. आपण मुद्दाम २ टक्के हॉर्स सीरम देऊन तेच करवतो ना? तेव्हा आकडा घटला म्हणजे पेशी मेल्या असं धरू नका, आधी नळ्या दिसतायत का बघा.

अर्धवट_कॉन्फ्लुअंट:
तीन दिवसांनी परत आले. पेशी नसलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) एमटीटी केलं: मस्त जांभळं. माझ्या सगळ्या ‘वाढी’चा मोठा हिस्सा त्यातच होता. गाईडना तो ग्राफ दाखवला नव्हता, हे नशीब.
मग फायब्रोनेक्टिन कोट केलं, निम्मं सीरम ठेवलं आणि १ टक्का अर्क घालून हाताने मोजलं. अर्काशिवायच्या वेलपेक्षा किंचित जास्त, पण तीनच वेल आहेत. एंडोटॉक्सिन अजून तपासलेलं नाही. ऑस्मो २९८.

जुना_पिपेट:
२९८ चांगलं. आता तीनच्या सहा वेल करा, आणि मोजणाऱ्याला कुठली वेल कशाची ते सांगू नका.

अर्धवट_कॉन्फ्लुअंट:
मोजणारी मीच आहे हो.

जुना_पिपेट:
मग शेजारच्या बाकावरच्या कुणाला तरी लेबलं झाकायला सांगा.