फोमच्या आधी ओल बघा

भाड्याच्या बेसमेंटमध्ये रेकॉर्डिंगची खोली करताना सगळ्या भिंतींना फोम लावला की वरच्या मजल्यावर आवाज जात नाही असं म्हणतात, ते पटत नाही, फोम फक्त खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड दार आणि बुजवलेल्या फटी. पण गोव्यात भाड्याचं बेसमेंट म्हटलं की खरा शत्रू ओल. म्हापशाला मित्राच्या खोलीत जुलैत फोम काढला तर मागे भिंतभर काळी बुरशी आणि कंडेन्सर माइक (विद्युतभारावर चालणारा नाजूक स्टुडिओ माइक) चरचरायला लागलेला, कारण कॅप्सूलवर, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागावर, दमटपणा बसला की तिथला विद्युतभार गळतो.

म्हणून फोमचे पॅनल लाकडी फ्रेमवर भिंतीपासून दोन इंच सोडून उभे करा (घरमालकाचा रंगही वाचतो), माइक सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र बंद, त्याची घरघर रेकॉर्ड होते. पावसाळ्यात गाण्या-बोलण्याच्या आवाजासाठी साधा डायनॅमिक माइक (स्टेजवर वापरतात तसा) बिनधास्त वापरा, तो ओलीला एवढी दाद देत नाही.